जाड, मऊ चॉकलेट चिप कुकीज: ओटीजी घ्यावा, कन्व्हेक्शनवर भागवावं की कढईत कराव्या?

परवा धंतोलीहून आतेबहिणीचा फोन आला, म्हणे ताई मी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे रॉडवर चालणारा छोटा विजेचा ओव्हन) घेऊन राहिली, घरच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये कुकीज नुसत्या पापडासारख्या पसरतात. मी म्हटलं थांब जरा, आधी सांग बटर कसं घेतेस. तर म्हणाली रेसिपीत रूम टेंपरेचर लिहिलं आहे न, म्हणून तासभर ओट्यावर काढून ठेवते. मे महिन्यात, नागपुरात, ओट्यावर तासभर! तिच्यासारखेच अजून कोणी दहा-बारा हजार घालवायच्या बेतात असतील म्हणून सगळं लिहून काढते.

रेसिपीतलं रूम टेंपरेचर म्हणजे १८ ते २० डिग्री. आपल्याकडे बाहेर ४५ असतं, कूलरची हवा स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही आणि बटर ३२ ते ३५ लाच वितळतं, म्हणजे ते फेटायच्या आधीच त्याचं तेल झालेलं असतं. असा कुकीच्या डोचा (भिजवलेल्या पिठाचा) गोळा गरम ओव्हनमध्ये गेला की मैदा आणि अंडं घट्ट व्हायच्या आधीच तो बसतो, मग ओव्हन कुठलाही असो. मी मागच्या उन्हाळ्यात मुद्दाम करून पाहिलं, एकाच डोचे ६०-६० ग्रॅमचे १० गोळे, त्यातले ५ तसेच ठेवले आणि ५ रात्रभर फ्रीजमध्ये, आणि दोन्ही प्रकारचे ओटीजीतही भाजले आणि कन्व्हेक्शनमध्येही. तसेच ठेवलेले दोन्हीकडे चपटे झाले आणि फ्रीजमधले दोन्हीकडे जाड, वरून तडकलेले, मधे बोट दाबलं तर हळूच आत जाणारे.

म्हणून आधी बटरचं ठरवा. बटर फेटून घ्यायचं की वितळवून, तर डिसेंबर-जानेवारीत फेटा, तेव्हा आपल्याकडे ते होतंही छान, हवा भरते, कुकी फुलते. मार्च ते जून सरळ वितळवा, थंड करा, साखर-अंडं घाला आणि डो किमान ४ तास फ्रीजमध्ये, रात्रभर राहिला तर फारच उत्तम. वितळवलेल्या बटरची कुकी केकसारखी नाही होत, चिवट-मऊ होते, आणि मला विचाराल तर मला तीच आवडते. माझं माप असं: १०० ग्रॅमचं एक अमूल बटरचं पाकीट (त्यात मीठ असतंच, वरून घालू नका), ९० ग्रॅम ब्राऊन शुगर, ४५ ग्रॅम साधी साखर, १ अंडं, १७० ग्रॅम मैदा, १ चमचा कॉर्नफ्लोअर, सोडा आणि बेकिंग पावडर अर्धा-अर्धा चमचा, १५० ग्रॅम चॉकलेट. ब्राऊन शुगरमध्ये मळी असते, ती ओलावा धरून ठेवते, म्हणून दुसऱ्या दिवशीही कुकी मऊ राहते. नुसत्या पांढऱ्या साखरेची मात्र कुरकुरीत होते. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी ३ मोठे चमचे दूध घाला, चव छान येते पण उंची थोडी कमी मिळते.

आता मशीनचं. ओटीजीत वर-खाली रॉड असतात, त्यामुळे बूड छान सोनेरी होतं, मोठा ट्रे बसतो, ८-१० कुकीज एका वेळी निघतात. अडचण एकच, डायल. माझा १८० दाखवायचा आणि आत थर्मामीटर ठेवला तर २०५, दोन महिने मी बूड करपवत राहिले आणि दोष रेसिपीला देत राहिले. ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, ओटीजी घेणार असाल तर तो सोबतच घ्या. कन्व्हेक्शनमध्ये पंखा असतो, बाहेरचा थर पटकन घट्ट होतो, उंची टिकते पण कडा लवकर सुकतात, म्हणून १८० लिहिलं असेल तर १६५-१७० वर ठेवा. बूड फिकं राहतं, त्यानं मऊ कुकीचं काही बिघडत नाही, पण एका वेळी ५ च बसतात. कढईत स्टँड ठेवून, झाकण घालून १५ मिनिटं गरम करायची, मग मंद आचेवर १८-२० मिनिटं. होतात, नाही असं नाही, पण वरून आच नसल्यामुळे वर रंग येत नाही आणि खालचं पाहावं लागतं सारखं.

माझं मत स्पष्ट आहे. घरी कन्व्हेक्शन असेल आणि महिन्यातून दोनदा घरच्यांपुरतं करायचं असेल तर ओटीजी घेऊ नका. काहीच नसेल, किंवा पाव, केक, दिवाळीच्या ऑर्डरी हे सगळं करायचं असेल तर ओटीजी, २५-३० लिटरच्या खाली नको. कढई फक्त आवड आहे की नाही हे पाहण्यापुरती.

आणि तिन्हीत एक गोष्ट सारखीच, कुकी बाहेर कधी काढायची. आपल्याला नानकटाईची सवय, ती खुसखुशीत होईस्तोवर भाजायची, तोच हिशोब इथे लावला की कुकी गार झाल्यावर दगड. थंड गोळ्याला ओटीजीत १२-१३ मिनिटं, कडा घट्ट दिसल्या आणि मधलं कच्चं, ओलसर वाटलं की काढाच, उचलू नका, त्याच गरम ट्रेवर १० मिनिटं राहू द्या, मधलं तिथेच शिजतं. गोळा उंच ठेवा, दाबू नका.

चॉकलेटचं थोडक्यात: चिप्स आकार धरतात, डार्कची वडी चिरून घातली तर मधे वितळलेले डबके येतात, मी अर्धं-अर्धं घालते. कंपाऊंड चॉकलेट उन्हाळ्यात हाताळायला सोपं, पण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, जिभेला चिकट लागतं.

बहिणीला शेवटी सांगितलं, ओटीजीचे पैसे राहू दे, आज संध्याकाळी डो कर, गोळे वळून डब्यात घाल आणि फ्रीजरमध्ये टाक. उन्हात ओव्हन लावायची गरज नाही, रात्री नऊनंतर हवे तेवढेच काढायचे आणि तसेच गोठलेले भाजायचे, २ मिनिटं जास्त.