एका प्रसाधन-दालनाचे परीक्षण, माजी स्टोअर मॅनेजरच्या नजरेतून

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात स्टोअर मॅनेजर म्हणून काम केलेल्या व्यक्तीची नजर मालाच्या आधी टेस्टरकडे, म्हणजे ग्राहकांना लावून पाहण्यासाठी उघडून ठेवलेल्या नमुन्यांकडे जाते. अनेक ब्रँड एकत्र विकणाऱ्या या मोठ्या दालनातील टेस्टरचे टेबल मात्र कौतुकास्पद आहे. प्रत्येक लिपस्टिकवर ती उघडल्याची तारीख चिकटवलेली आहे, शेजारी एकदाच वापरून टाकायचे ब्रश ठेवलेले आहेत आणि मस्काराचे टेस्टर वेळेवर बदललेले दिसतात. उघडलेला मस्कारा साधारण ३ ते ६ महिन्यांत टाकून द्यावा लागतो; हा खर्च विक्रीच्या अहवालात कोणाच्याही नावावर शोभत नसल्यामुळे तो टाळण्याचा मोह मोठा असतो, पण येथील मॅनेजरने हा खर्च टाळलेला नाही.

फाउंडेशनच्या विभागातील सल्लागार तरुणीने शेड मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावून पाहिली, मला दाराजवळच्या नैसर्गिक उजेडात नेले आणि रंग थोडा गडद होतो का हे पाहण्यासाठी काही मिनिटे थांबायला सांगितले. असे प्रशिक्षण आपोआप होत नसते.

खरी उणीव शेल्फवर आहे. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या प्रसाधन-ब्रँडने फाउंडेशनच्या ४० शेड एकदम बाजारात आणल्यानंतर इतर ब्रँडनीही आपली श्रेणी वाढवली, तरी या दालनात मधल्या शेडच्या रांगा भरलेल्या आणि गडद शेडच्या जागा रिकाम्या होत्या. यामागे बहुधा दुष्टपणा नसून मागणी नोंदवण्याची पद्धत असते. मागील महिन्याच्या विक्रीवरून पुढची ऑर्डर ठरत असेल, तर जी शेड दुकानात नव्हतीच तिची विक्री शून्य दिसते, म्हणून ती पुन्हा मागवली जात नाही आणि पुढच्या महिन्यातही शून्यच दिसते. रिकाम्या हाताने परत गेलेल्या ग्राहकाची नोंद बिलिंगच्या संगणकात होत नाही. ती मॅनेजरलाच वहीत करावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून हे चक्र तुटत नाही.

व्हिटॅमिन सी सीरमच्या पारदर्शक बाटल्या काचेच्या दर्शनी भागात, थेट उन्हात मांडल्या होत्या, हेही खटकले. उजेडाने आणि उष्णतेने हे सीरम पिवळे-तपकिरी पडते व त्याचा प्रभाव घटतो.

कोरड्या त्वचेसाठी क्रीम विचारल्यावर दोन सल्लागारांनी दोन वेगळी क्रीम सुचवली, आणि दोन्ही त्यांना पगार देणाऱ्या ब्रँडचीच होती. या व्यवसायात हे नवे नाही, पण ग्राहकाला ते कळायला हवे. येथे जायचे असल्यास गर्दी नसताना जावे, ब्रँडच्या नव्हे तर दालनाच्या गणवेशातील कर्मचाऱ्याकडे सल्ला मागावा आणि सीरम घ्यायचे असेल तर आतल्या साठ्यातली बाटली मागून घ्यावी.