कलादालन की काचेचा स्टुडिओ?

शहरात एकच दुपार मोकळी मिळाली, तर मी काचेच्या स्टुडिओकडे वळेन, जिथे तापलेली काच फुंकून स्वतः वस्तू बनवता येते. कलादालनाची मजा वेगळी आहे. तिथे आपल्या सवडीने फिरता येतं, एकाच चित्रासमोर वीस मिनिटं नुसतं उभं राहता येतं. पण तिसऱ्या दालनानंतर पाय बोलायला लागतात आणि डोळे पाहत असले तरी मनात काही उतरत नाही.

स्टुडिओत तसं होत नाही. साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढलेली काच पोकळ नळीच्या टोकाला मधासारखी लोंबत असते. नळी सतत फिरवत राहायची. हात थांबला की गोळा एका बाजूला कलंडलाच. फुंकर घातल्यावर आत पहिला बुडबुडा धरतो, तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

जागा आधी राखून ठेवा, सुती कपडे आणि बंद बूट घाला. आणि हे सहलीच्या पहिल्याच दिवशी उरका. तयार वस्तू सुमारे ५०० अंशांपासून रात्रभर हळूहळू निववावी लागते, नाहीतर तडकते. त्यामुळे ती सहसा लगेच हाती येत नाही.

दालनात काचकाम असेल, तर ते स्टुडिओनंतरच पाहा. पेल्याची पातळ, एकसारखी कड बघून तुम्ही तिथेच थबकाल.