ऑसरॅम नाइट ब्रेकर लेझर : जुन्या दिव्यातले नवे प्रकाशशास्त्र

गाडीच्या हेडलाइटमध्ये बसणारा एच४ प्रकारचा हा हॅलोजन बल्ब हातात घेतल्यावर काही विशेष वाटत नाही. वेगळेपण दिसते ते काचेवरील निळसर थरात लेझरने कोरलेल्या बारीक खिडकीत. विजेचा वापर नेहमीचाच, म्हणजे दूरच्या झोताला ६० आणि जवळच्या झोताला ५५ वॉट, परंतु आत झेनॉन वायू भरलेला असल्याने आणि तार अधिक तापत असल्याने प्रकाश पांढरा व दूरवर पोहोचणारा मिळतो. १५० टक्क्यांपर्यंत अधिक उजेडाचा कंपनीचा दावा मात्र किमान कायदेशीर मर्यादेच्या तुलनेत आहे, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. तार जितकी तापते तितके आयुष्य घटते. त्यामुळे रोज रात्री लांबचा प्रवास करणाऱ्याला साधा बल्बच परवडेल.

ऑस्मिअम आणि वोल्फ्राम (म्हणजे आपले टंगस्टन) या तारांच्या धातूंवरून १९०६ मध्ये नोंदवलेले ऑसरॅम हे जर्मन नाव आज बल्बपुरते उरलेले नाही. सर्वसाधारण दिव्यांचा व्यवसाय लेडव्हान्स या नावाने वेगळा काढून विकल्यानंतर आणि ऑस्ट्रियाच्या सेन्सर बनवणाऱ्या एएमएस कंपनीने ताबा घेतल्यानंतर ऑसरॅम कंपनीचा भर अर्धवाहकांवर (सेमीकंडक्टर) आला. तिच्या हेडलाइटसाठीच्या एव्हियॉस २.० या चिपवर २५,६०० प्रकाशबिंदू स्वतंत्रपणे चालू-बंद होतात आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांपुरताच अंधार ठेवता येतो. घाटरस्त्यांवर खरी गरज त्याचीच आहे.