मेडिकल लॉ अँड एथिक्स डिप्लोमा: लॉ एकदम मस्त, एथिक्स उरकलेलं

एक वर्षाचा पीजी डिप्लोमा केला, डिस्टन्स, क्लास वीकेंडला ऑनलाइन. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. मी स्टाफ नर्स, ऑपरेशनच्या आधी कन्सेंट फॉर्मवर सह्या घेणं हे रोजचंच काम, म्हणून हा विषय नीट शिकायचा होता.

लॉ शिकवणारे सर स्वतः कोर्टात उभे राहणारे, त्यामुळे प्रत्येक केस गोष्टीसारखी समोर यायची. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले, निकाल सुप्रीम कोर्टाचा 1968 चा, पण प्रकरण आपल्या पुण्यातलं. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर पाय मोडलेला तरुण मुलगा पुण्याला आणला, भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या शॉकने तो गेला असं कोर्टाने धरलं. केस घ्यायची का, उपचार कोणते द्यायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरची जबाबदारी असते हे यातून जे डोक्यात बसलं ते नुसतं पुस्तक वाचून बसलं नसतं.

सगळ्यात भारी झाली ती समीरा कोहली केस, 2008 ची. पेशंटने लॅपरोस्कोपीसाठी (दुर्बिणीने पोटाच्या आत बघणं) सही केलेली, गरज पडली तर पोट उघडायलाही, पण गर्भाशय काढायला नाही. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, ओव्हरी सगळं काढलं. कोर्ट म्हणालं जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, शुद्धीवर यायची वाट बघायला हवी होती, आईची सही चालत नाही. डॉक्टरांची फी गेली, वर 25,000 रुपये भरपाई. आपल्याकडे अजूनही 'नातेवाईकांची सही घ्या' हेच पहिलं वाक्य असतं, त्यामुळे हे प्रत्येक वॉर्डात शिकवायला पाहिजे.

आता तक्रार. एथिक्स म्हणजे चार तत्त्वांची (पेशंटची मर्जी, भलं करणं, इजा न करणं, न्याय) स्लाइड, पाठ करा, पेपरात लिहा, बास. अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर कित्येक वर्षं अचेत पडून असलेली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची नर्स) प्रकरणात 2011 चा निकाल, 2018 ला लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं), 2023 ला त्याची सोपी केलेली प्रोसिजर हे सगळं तारखांसकट झालं, पण केईएमच्या नर्सेसनी तिला वर्षानुवर्षं सांभाळलं, तिचं जेवणखाण थांबवायला ठाम विरोध केला, आणि जिला स्वतःला बोलता येत नाही तिच्या वतीने कोणी बोलायचं, नात्याच्या माणसाने की रोज अंग पुसणारीने, यावर वर्गात अवाक्षर नाही. मला तर तेच ऐकायचं होतं! कायदा सांगतो अर्ज कुठे करायचा, पण पेशंटचं भलं कशात आहे हे बेडशेजारी उभं राहून ठरवावं लागतं, आणि ते शिकवायला वकील एकटा पुरत नाही, सोबत आयसीयूत काम केलेलं माणूस हवं.

नोट्स पण जुन्या, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर अजून जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) कलम 304अ च लिहिलंय, 1 जुलै 2024 पासून बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम 106 लागू आहे. आणि सगळं इंग्रजीत, आम्ही पेशंटला समजावणार मराठीत, मग एखादा तास तरी मराठीत घ्या ना.

तरी नर्सेस, आरएमओ (हॉस्पिटलमधले निवासी डॉक्टर) आणि हॉस्पिटल ॲडमिनवाल्यांनी जरूर करा, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फी भरायच्या आधी नोट्स कुठल्या सालच्या आहेत आणि एथिक्सला कोण शिकवतं, हे मात्र फोन करून विचारा.