बारादरी की अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट? एका सकाळच्या चढाईसाठी

छत्रपती संभाजीनगरात मुक्काम आहे, हातात एक दिवस आहे, फार दमायचं नाही, पण थोडं चढून उंचावरून मुलूख बघायचा आहे. अशा वेळी दोन नावं हमखास निघतात: देवगिरीच्या, म्हणजे दौलताबाद किल्ल्याच्या, माथ्याजवळची बारादरी ही जुनी इमारत आणि अजिंठ्याच्या लेण्यांसमोरचा व्ह्यू पॉइंट. यादव, तुघलक, लेणी हे सगळं ठाऊक आहे असं धरून फक्त चढाईचं बोलू.

नुसत्या देखाव्यावर निकाल लावायचा तर अजिंठा सरस. वाघूर नदीने घेतलेलं नालाकृती वळण आणि त्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत मावतात ती समोरच्या डोंगरावरूनच. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला याच बाजूने दहाव्या लेण्याची कमान दिसली. मात्र व्ह्यू पॉइंट एक नाही, दोन आहेत, आणि चुकामूक इथेच होते. लेण्यांखालचा पूल ओलांडून थोडं चढलं की पहिला येतो. बहुतेक लोक तिथे फोटो काढून माघारी फिरतात, वळण मात्र तिथून अर्धंमुर्धंच दिसतं. खरा वरचा. त्याला आणखी चाळीसेक मिनिटं चढ आहे. पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नये, चिखल आणि सुटे दगड पाय टिकू देत नाहीत. आता गंमत बघा, लेण्यांच्या दरीतला सातकुंडाचा धबधबा जोरात असतो तो नेमका पावसाळ्यातच. पाणी असतं तेव्हा वाट नसते, वाट सुकते तेव्हा पाणी आटत आलेलं असतं. पाऊस ओसरल्यावरचे थोडे दिवस काय ते साधतात.

एवढं असूनही माझं माप देवगिरीकडे झुकतं, आणि त्याचं कारण डोंगरात नाही, खाली फर्दापूरच्या टी पॉइंटला आहे. खाजगी गाडी तिथेच सोडावी लागते. मग पार्किंग, दुकानांच्या रांगेतून चालत बसथांबा, बसची रांग, चार किलोमीटरचा प्रवास, उतरल्यावर लेण्यांचं तिकीट, आणि मग कुठे पायऱ्या. शहरापासूनचं शंभरेक किलोमीटर अंतर वेगळंच. लेणी उघडतात नऊला. सुट्टीच्या दिवशी चढाला हात घालेपर्यंत साडेदहा-अकरा सहज वाजतात, आणि फेब्रुवारी संपला की आपल्याकडे अकराला ऊन मी म्हणतं. परतीला पुन्हा तीच बस. दुपार कलली की वर बसलेल्या माणसाचं लक्ष दरीपेक्षा घड्याळाकडे जास्त. चढ-उताराचा वेळ आपल्या पायांवर ठरावा, बसवर नाही, एवढंच माझं म्हणणं. कुणाला ही कटकट किरकोळ वाटेल, त्यांनी खुशाल अजिंठा धरावा.

यातून एक पळवाट आहे. अजिंठा गावाकडून वरच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत गाडी जाते. पण मग ती चढाई राहत नाही. तिथून लेण्यांकडे पायऱ्या उतरलात तर गाडी वरच राहते आणि तो सगळा चढ भर दुपारी उलटा चढावा लागतो. म्हातारी माणसं सोबत असतील तर गाडीने वर जावं, बघावं आणि तसंच परतावं.

देवगिरी शहरापासून पंधरा किलोमीटरवर. गाडीतून उतरलं की समोरच दरवाजा. महाकोटाचे दरवाजे, चांदमिनार, हत्ती हौद, चिनी महाल हा भाग जवळपास सपाट आहे, तिथे जाताना रेंगाळू नये, परतताना बघावं. खरी चढाई खंदकाचा पूल ओलांडल्यावर सुरू होते. एका दमाने नाही, पण तासाभरात माणूस बारादरीत पोचतो. १६३६ साली शाहजहानच्या भेटीसाठी बांधलेली ही इमारत. तिथे सावली मिळते आणि वाराही. खाली तटांची वेटोळी, मधोमध चांदमिनार, पलीकडे खुलताबादकडचे डोंगर. आणखी थोडं वर जनार्दनस्वामींचं स्थान आणि माथ्यावरची तोफ आहे. इथवर आल्यावर तेही करून घ्यावं.

अडचणी इथेही आहेत. बारादरीच्या वाटेवर अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, लागते, तिथे वटवाघळांचा वास डोक्यात जातो. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आणि विष्ठेने निसरड्या असतात. मोबाईलचा उजेड धरला की एक हात अडकतो आणि नेमका तोच हात भिंतीला लागणार असतो, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी न्यावी. अंधाराला बिचकणारी लेकरं मधोमध ठेवावीत, मागे-पुढे मोठं माणूस. चपला-सँडल नकोत, घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर चढताना कळत नाही, उतरताना कळतं. गुडघ्यांची तक्रारही उतारालाच. पाणी माणशी हिवाळ्यात एक लिटर, मार्चनंतर दोन, आणि ते खालूनच भरून घ्यावं. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा दशम्या-चटणीचा डबा पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. दोन वर्ग एकदम अंधारीत शिरले की पुढचं विचारू नका. सकाळी लवकर वर जाऊन सहली चढू लागायच्या आत उतरणं हाच उपाय.

रविवारी वेरूळच्या रस्त्यावर दौलताबादच्या जुन्या वेशीत गाड्या अडकतात. शक्यतो सोमवार धरावा. त्या दिवशी अजिंठा बंद असतो, त्यामुळे निवडीचा प्रश्नही उरत नाही.