साडेतीन वर्षांच्या लेकीचे पाय आणि माझे ४८,२०० रुपये

लेक उभी राहिली की गुडघ्याला गुडघा लागतो आणि घोटे लांब राहतात. सासूबाई रोज म्हणायच्या, "पोरीचे पाय बघा जरा." तेवढ्यात सोसायटीत 'मोफत पाय तपासणी' आली. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. नोंदणी ५००, काचेवर उभं करून स्कॅन १,२००, खास बूट ८,५००, रात्री बांधायचे पट्टे १४,०००, वीस सेशनचे २४,०००.

रिपोर्टवर वय छापलं होतं ७. मी म्हटलंसुद्धा, "अहो, ही साडेतीनची आहे." तपासणी करणाऱ्या माणसाने बॉलपेनने ७ खोडलं, वर ३.५ लिहिलं आणि कागद परत दिला. निदान तेच, पट्टे तेच. तिथेच उठायला हवं होतं मी! या प्रकारात सगळं वयावरच तर असतं. बाळाचे पाय आधी बाहेर वाकलेले असतात, दोनेक वर्षांत सरळ होतात, तीन-चारच्या सुमाराला गुडघे आत येतात आणि सात-आठपर्यंत बहुतेकांचे आपोआप ठीक होतात. बुटांनी त्यात काही फरक पडत नाही.

मी अडाणी नाही, बँकेत नोकरी करते. पण "मुलीची जात आहे, पुढे ऑपरेशन लागेल" असं कोणी तोंडावर म्हटल्यावर कुठली आई हिशोब करत बसेल? तीन आठवडे ती रात्री "आई, सोड ना" म्हणून रडायची आणि मी पट्टा आणखी आवळायची. पोटरीवर वेल्क्रोचे लाल वळ उठले, तेव्हा कुठे हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टेपने घोट्यांमधलं अंतर मोजलं, ५ सेंटिमीटर. मनगटं दाबून पाहिली, उंची घेतली, मुडदूस नाही म्हणाले. सहा महिन्यांनी या. फी ८००.

एकच पाय वाकडा असेल, मूल लंगडत असेल, दुखत असेल, उंची खुंटली असेल, तर मात्र थांबू नका. पण अस्थितज्ज्ञाकडेच जा, आणि नोंदणी क्रमांक विचारा.

त्या तपासणीवाल्याची तक्रार करायला गेले, तर पोलीस म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी बाब आहे." मेडिकल कौन्सिल म्हणते, तो डॉक्टरच नाही, मग आम्ही कारवाई कोणावर करणार? अहो, डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे! महापालिकेत तीन टेबलं फिरले. शेवटी उत्तर काय, तर तो औषध देत नाही, बूट विकतो. म्हणजे लेकराच्या पायाला काहीही बांधायला मोकळा!

आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, पण पैसे दिल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे पावती फक्त पट्ट्यांची आहे. बाकी सगळं यूपीआयने, तेही कुठल्यातरी बाईच्या नावावर गेलंय. आणि पलीकडच्या सोसायटीच्या गेटवर येत्या रविवारचा त्याचा बॅनर लागलाय.