आठ जण, सात रात्री आणि कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च : खलाशांसह घेतलेल्या खासगी यॉटचा अनुभव

आमचा धंदा टेरी टॉवेल निर्यातीचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल निघतो तेव्हा भाव किती हे विचारण्याआधी तो भाव कुठपर्यंतचा, हे विचारण्याची आम्हाला सवय आहे. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) आणि सीआयएफ (विमा आणि जहाजभाडे धरून भाव) यांत गल्लत झाली तर अख्ख्या ऑर्डरचा नफा वाहून जातो. असे असूनही, आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून क्रोएशियात एक आठवडा खलाशांसह खासगी यॉट घ्यायचे ठरले आणि मुंबईच्या एका चार्टर ब्रोकरकडून १८,००० युरोचे पहिले कोटेशन आले, तेव्हा तोच एकूण खर्च आहे असे समजून आम्ही घरात आकडेमोड सुरू केली. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘अधिक सर्व खर्च’ एवढेच शब्द होते. त्या शब्दांमागे जवळजवळ पावणेनऊ हजार युरो दडलेले होते. सोलापुरातून किंवा आसपासच्या जिल्ह्यांतून कोणी अशा सहलीचा विचार करत असेल तर त्याला हा हिशेब आधी मिळावा, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आम्ही चार जोडपी होतो : आई-बाबा, मी आणि पत्नी, धाकटा भाऊ आणि वहिनी, ताई आणि दाजी. त्यामुळे पाहुण्यांसाठी चार केबिन असलेली, पन्नास फुटांच्या वरची कॅटामरान घेतली. कॅटामरान म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर बांधलेली रुंद बोट. एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीसारखी ती एका बाजूला कलत नाही. आई-बाबांचे गुडघे आणि आमची पाण्याशी असलेली ओळख, जी सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा आणि फार तर उजनीच्या फुगवट्यापलीकडे गेलेली नाही, या दोन्हींचा विचार करता हा सल्ला योग्य होता, आणि तो ब्रोकरनेच दिला. बोटीवर कॅप्टन, स्वयंपाकी आणि एक होस्टेस असे तिघे होते. त्यांचा पगार त्या १८,००० युरोंत धरलेला असतो, बोटीचा विमाही असतो. बाकी जवळजवळ काहीच नसते.

पहिली भर कराची. क्रोएशियात चार्टरच्या रकमेवर १३ टक्के व्हॅट लागतो, म्हणजे आमच्या बाबतीत २,३४० युरो. दुसरी आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी रक्कम म्हणजे एपीए. ही बोटीवरच्या चालू खर्चासाठी आगाऊ दिलेली उचल असते आणि साधारणपणे भाड्याच्या २५ ते ३५ टक्के असते. आमच्याकडून ३० टक्क्यांप्रमाणे ५,४०० युरो घेतले. डिझेल, मरिनातील, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या बंदरातील, रात्रीचे भाडे, बंदराचे शुल्क, किराणा, पेये, पर्यटक कर हे सारे त्यातून कॅप्टन भागवतो, प्रत्येक पावती ठेवतो आणि शेवटच्या दिवशी हिशेब पाहुण्यांसमोर मांडतो. उरले तर परत मिळते, कमी पडले तर मध्येच भर घालावी लागते. ही पद्धत मला मनापासून पटली, कारण जे खाल्ले, जेवढे फिरलो तेवढेच भरले. आमचा प्रत्यक्ष खर्च असा झाला : मरिना आणि बोयांचे (बोट बांधायच्या तरंगत्या खुणांचे) भाडे १,४८०, किराणा १,५६०, डिझेल ९४०, पेये २६०, पर्यटक कर आणि किरकोळ ३७०, एकूण ४,६१० युरो. उरलेले ७९० युरो कॅप्टनने रोख परत केले. त्याची वही आमच्या फॅक्टरीतल्या कॅशबुकाइतकी स्वच्छ होती, हे मी कौतुकाने सांगतो.

या आकड्यांत सर्वांत जास्त आपल्या हातात राहणारी बाब डिझेलची नसून मरिनाची आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. कॅटामरान रुंद असल्यामुळे धक्क्यावर जास्त जागा अडवते आणि म्हणून तिला एकेरी बोटीपेक्षा जास्त दर लागतो. ह्वार शहरासमोरच्या पाक्लेनी बेटांवरील पाल्मिझाना मरिनासारख्या मागणीच्या ठिकाणी तर हा फरक अधिकच जाणवतो. याउलट एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून रात्र काढली तर भाडे अगदी थोडे किंवा काहीच नसते. कॅप्टनला पहिल्याच संध्याकाळी, “आम्हाला रोज शहर नको, एक दिवस शहर आणि एक दिवस खाडी असे चालेल,” हे सांगितल्यामुळे आमचे काही शे युरो वाचले असावेत. पण नांगरावर असताना एसी जनरेटरवरच चालतो आणि रात्री तो बंद करावा लागतो, ही गोष्ट ब्रोकरने सांगायला हवी होती. बाबांना एसीशिवाय झोप येत नाही. पहिली रात्र त्यांनी डेकवर बसून काढली.

तिसरी भर बक्षिसीची. भूमध्य सागरात ५ ते १५ टक्के बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. आम्ही १० टक्के, म्हणजे १,८०० युरो, पाकिटात घालून कॅप्टनच्या हाती दिले. ते तिघांत वाटले जातात. परत मिळालेले ७९० त्यातच घातले आणि १,०१० जवळच्या रोख रकमेतून दिले. अशा रीतीने १८,००० च्या बोटीचे २६,७५० युरो झाले, म्हणजे कोटेशनपेक्षा जवळजवळ निम्म्याने जास्त. विमान, व्हिसा आणि हॉटेल याच्या बाहेर.

आता रुपयांकडे येतो, कारण आमचा खरा फटका तिथे बसला. करार यॉट ब्रोकरांच्या मायबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्यावर होता : सहीच्या वेळी भाड्याची निम्मी रक्कम आणि उरलेले भाडे, व्हॅट व एपीए बोटीवर चढण्याच्या ३० दिवस आधी. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९,००० युरो पाठवले तेव्हा युरो ९१ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये १६,७४० युरो पाठवायची वेळ आली तेव्हा तो १०२ च्या आसपास पोहोचला होता. केवळ या फरकाने १ लाख ८४ हजार रुपये वाढले. निर्यातदार म्हणून युरो वाढला की आम्हाला आनंद होतो. इथे आम्ही खरेदीदार होतो आणि धंद्यात जसे पुढच्या तारखेचे दर बांधून घेतो तसे घरच्या खर्चासाठी करण्याचे आम्हाला सुचले नाही. बजेट मांडताना दुसऱ्या हप्त्याच्या रकमेवर किमान १० टक्के जादा धरावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. एकूण हिशेब सुमारे २६ लाख ३० हजार रुपयांचा झाला. प्रत्येक जोडप्यामागे साडेसहा लाखांच्या थोडे वर.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत मात्र आम्ही जागे होतो. सगळी रक्कम भारतातील कंपनीला परदेशी सहलीचे पॅकेज म्हणून दिली असती तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, आकारला गेला असता. त्याऐवजी चौघांनी आपापल्या खात्यातून, रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेखाली, आपापला चौथा हिस्सा करारातील परदेशी खात्यावर पाठवला. टीसीएस सुरू होण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांवरून १० लाख झाली होती आणि आमचा प्रत्येकाचा हिस्सा दोन्ही वर्षांत तिच्या आतच होता. टीसीएस पुढे आयकरात वळता होतो हे खरे, पण तोवर पैसा अडकतो आणि हंगामात सुताची खरेदी करणाऱ्याला अडकलेल्या पैशाची किंमत ठाऊक असते. आमच्या सीएंनी करारातील बँक खात्याचे नाव आणि करारावरचे नाव जुळते का, हे दोनदा तपासायला लावले. ही खबरदारी मी सर्वांना सुचवेन.

तारीख निवडताना ब्रोकरचा सल्ला उपयोगी ठरला. हीच बोट ऑगस्टच्या सुरुवातीला २४,५०० युरोंना होती. १३ सप्टेंबरच्या शनिवारपासून ती १८,००० ला मिळाली. समुद्राचे पाणी तेव्हाही उबदार असते आणि गर्दी ओसरलेली असते. आईची गौरी-गणपती घरी करण्याची अट होती, तीही पाळली गेली. एक गोष्ट मात्र करारात असूनही कोणी तोंडाने सांगितली नाही : आठवडा शनिवार ते शनिवार म्हटला तरी बोट पहिल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता ताब्यात मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळीच स्प्लिट शहराच्या मरिनात, जिथून निघतो तिथेच, परत यावे लागते. सात रात्रींचे पैसे भरून प्रवासाचे दिवस सहाच हाती येतात. मुंबईहून स्प्लिटला थेट विमान नसल्यामुळे आम्ही एक दिवस आधी पोहोचून हॉटेलात राहिलो, आणि तो खर्च मी अनावश्यक मानत नाही, कारण एखादे विमान चुकले असते तर बोट आमच्यासाठी थांबली असती, पण दिवस थांबला नसता.

मार्ग स्प्लिटहून ब्राच, ह्वार, कोर्चुला आणि परत असा होता. डुब्रोव्हनिकला उतरायची ताईची फार इच्छा होती, परंतु बोट रिकामी परत नेण्याचा खर्च आपल्याकडून घेतला जातो हे कळल्यावर आम्ही गोल मार्ग निवडला. तिसऱ्या दिवशी आग्नेयेकडून येणारा ‘युगो’ वारा सुटला. कॅप्टनने व्हिस बेटाकडे जाण्याचा बेत रद्द केला. बिशेव्हो बेटावरची निळी गुहाही अशा लाटांत बंद ठेवतात. दाजींनी थोडा आग्रह धरला. कॅप्टन शांतपणे, “नाही,” म्हणाला आणि करारातही सुरक्षिततेबाबत त्याचाच शब्द शेवटचा असतो. आम्ही ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादच्या बंदरात थांबलो. प्राचीन ग्रीकांनी आखलेली तिथली शेते, जी २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, ती बाबांनी बांधावर बसून तासभर पाहिली. दगडी बांध घालून रानाचे तुकडे पाडण्याची रीत त्यांना ओळखीची वाटली. सहलीतला त्यांचा सर्वांत आवडता दिवस तोच.

जेवणाविषयी थोडे जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी हा प्रश्न बोटीच्या लांबी-रुंदीपेक्षा मोठा असतो. ब्रोकरने आवडीनिवडींचा चार पानी फॉर्म भरून घेतला. मी त्यात आम्ही आठही जण शाकाहारी आहोत, अंडे चालत नाही, मासळीच्या रसाचा मसाला चालत नाही, आई संध्याकाळनंतर कांदा-लसूण घेत नाही, असे सारे लिहिले. बोटीपर्यंत पोहोचले ते फक्त ‘भारतीय शाकाहारी’ एवढेच. सुदैवाने जाण्याच्या दहा दिवस आधी मी हट्टाने कॅप्टन आणि स्वयंपाक्याशी व्हिडिओ कॉल मागितला आणि तेव्हा ही तफावत उघड झाली. त्या अर्ध्या तासाने आमचा आठवडा वाचवला. स्वयंपाकी तरुण आणि समंजस होता. स्प्लिटच्या भाजी बाजारातून त्याने छोले, वांगी, टोमॅटो, अंजिरे आणि पालकासारखी दिसणारी तिथली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी आणली. बटाटा घालून केलेली ब्लित्वा आमच्याकडच्या पातळ भाजीच्या अगदी जवळची लागते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आम्ही सोलापूरहून नेली होती. तूप आणि खव्याचे पेढे मात्र नेता आले नाहीत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. ताजी मिरची आणि कढीपत्त्यालाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो. शेंगा चटणी स्वयंपाक्याने दुसऱ्या दिवसापासून ऑलिव्ह तेलात कालवून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. उरलेला डबा आम्ही त्यालाच दिला.

बोट स्वच्छ होती. चौथी केबिन बरीच लहान होती आणि फोटोत ती तशी दिसत नव्हती. भाऊ आणि वहिनींनी कुरकुर न करता ती घेतली. टॉवेल चांगले होते, दर दोन दिवसांनी बदलले जात. सवयीप्रमाणे मी वीण आणि वजन पाहिले, आणि खाऱ्या पाण्यातून आलेल्या पाहुण्यांसाठी इतका दाट टॉवेल ठेवणाऱ्या मालकाला सेवेची समज आहे, असे माझे मत झाले. मागच्या बाजूच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत होत्या. होस्टेसने आईला लाइफ जॅकेट घालून तिथे बसवले आणि स्वतः शेजारी बसून राहिली, रोज, कोणी न सांगता.

कॅप्टन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना मी पाचपैकी पाच गुण देतो. बोटीला चार. ब्रोकरला तीन, कारण बोट, हंगाम आणि करार यांची निवड उत्तम असूनही पहिल्याच कोटेशनमध्ये व्हॅट, एपीए आणि बक्षिसी मिळून अंदाजे एकूण रक्कम लिहिणे त्यांना सहज शक्य होते आणि आमच्या चार पानी फॉर्मचे त्यांनी दोन शब्द केले. हे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या वेळी बोटीच्या लोकांशी थेट बोलणे आधीच करून देऊ, असे उत्तर पाठवले.

दाजी आता मे महिन्याचे दर मागवत आहेत. ते सप्टेंबरपेक्षाही खाली आहेत. परंतु मेमध्ये तिथले पाणी थंड असते आणि आईला पुन्हा त्या पायऱ्यांवर पाय सोडून बसायचे आहे. त्यामुळे विचारणा सप्टेंबरचीच करायची, असे रविवारी ठरले.